साक्षीचं 'बास'

शुक्रवार, २० ऑगस्ट २००४

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात मी मुद्दाम पाहून ठेवलं. पुढे कुणी "आजी, तुमचा काहीतरी गैरसमज" असं म्हणायला नको.

अकरा दहाला राजारामपुरीतल्या त्या विशेष मुलांच्या केंद्रात संयोगिता मॅडमनी माझ्या नातीचा, साक्षीचा, उजवा हात मनगटाशी धरून टेबलावर दाबला. मारलं नाही. ओरडल्या नाहीत. चेहरा कोरा ठेवून नुसता दाबून धरला, आणि दुसऱ्या हातानं चित्र पुढे सरकवलं. "साक्षी, बोट लाव. केळं." साक्षीनं हात ओढला. पुन्हा दाबला. "बोट लाव. केळं." तोच आवाज, तीच पट्टी. शेवटी पोरीनं बोट लावलं. "शाब्बास!" — आणि तोंडात एक रंगीत गोळी. सात वर्षांची पोर. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि गोळी चघळतेय!

दार अर्धवट उघडं होतं म्हणून मला दिसलं. एरवी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवतात. आत बघायचं नाही, मुलाचं लक्ष जातं.

नंतर मी विचारलंच. मॅडम तरुण आहेत, मुंबईला कोर्स करून आल्यात, बोलणं गोड. "आजी, हा असहकार आहे. काम पुढे केलं की ती हात आडवा घालते. आपण लक्ष दिलं तर तो वाढतो. आम्ही ते वर्तन विझवतोय."

विझवतोय! चूल विझवतात. कंदील विझवतात.

"अहो, तो असहकार नाही. ते तिचं बोलणं आहे."

"घरच्यांना तसं वाटतं, आजी."

बरं. घरच्यांना वाटतं.


शनिवार, २१ ऑगस्ट

काल रागाच्या भरात मुख्य गोष्ट लिहायची राहिली — हात आडवा घालणं म्हणजे काय.

साक्षी बोलत नाही. ती तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. अक्षता, माझी सून, महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. त्याच उन्हाळ्यात माहेरी कोडोलीला माझ्या भाच्याचं लग्न होतं. पंगत बसली. आणि आपल्याकडची पंगत! समोरचा 'नको' म्हणाला की दुप्पट वाढायचं, नाहीतर मान राखला नाही असं होतं. "घ्या की पावणं! लाजताय काय!" तोंडचं 'नको' कुणी ऐकतच नाही. म्हणून माणूस ताटावर पंजा आडवा धरतो आणि जरा पुढे वाकतो. त्या पंजावर बुंदी ओतायची कुणाची छाती होत नाही.

साक्षी तिच्या बापाशेजारी बसली होती. कुणाच्या तोंडाकडे कधी न बघणारी पोर, पण हातांकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी अक्षता वरणभात भरवायला लागली, दोन घासांनंतर साक्षीनं ताटलीवर पंजा आडवा धरला. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. नागसेन ओरडलाच — "आई, बास म्हणतीया! पोरगी बास म्हणतीया!" आणि बाहेर जाऊन रडला. माझा एवढा दांडगा मुलगा.

तेव्हापासून तो तिचा शब्द. कंगव्यावर पंजा, म्हणजे विंचरणं बास. टीव्हीच्या काचेवर पंजा, म्हणजे आवाज बास. एकदा मी अक्षताला बोलत होते — जरा लांबलं होतं, मान्य — तर साक्षी आली आणि तिनं माझ्या तोंडावर पंजा ठेवला. अक्षता पदर तोंडात कोंबून आत पळाली. टेलिफोन एक्स्चेंजात अडतीस वर्षं काढली मी, एका साहेबाला मला गप्प करता आलं नाही!

तिच्याजवळ एवढा एकच शब्द. आणि तो विझवायचा.


सोमवार, २३ ऑगस्ट

अक्षताशी झालं. व्हायचंच होतं.

मी म्हटलं, केंद्र बंद कर. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "आई, गेल्या वर्षी ती रस्त्यावर धावली ते विसरलात? एस.टी.नं ब्रेक मारला म्हणून वाचली. शाळेनं कागद हातात दिला — जमणार नाही. आता ती खुर्चीवर बसते. संडासला आपली आपण जाते. हे कुणी केलं?"

"मी नाही म्हणत नाही त्याला. पण हात दाबून—"

"तुम्ही तिला आणता-नेता, संध्याकाळचे दोन तास बघता. मला जन्मभर बघायचंय. आणि माझ्यानंतर? माझ्यानंतर कुणाच्या हाताखाली जाईल ती? ऐकणारी असेल तरच कुणी ठेवून घेईल ना!"

मी भाकरी घेऊन बाहेर आले. तिचं खोटं नाही. म्हणूनच राग जास्त येतो.


सोमवार, ३० ऑगस्ट

हाताची घडी, तोंडावर बोट. आज केंद्रातून आल्यावर साक्षी आपणहून तशी बसली. टीव्ही मोठ्यानं लागला होता. कपाळाला आठ्या. पण घडी सुटली नाही.

मीच उठून टीव्ही बंद केला.


रविवार, १९ सप्टेंबर

शेजारच्या झुंबरबाईच्या घरी काल गणपती बसले. आज मोदकांचा डबा घेऊन आली. आमच्याकडे गणपती नाही, पण तिचा डबा चुकत नाही. "ऑपरेटरबाई, बुद्धाला काय मोदक वर्ज्य हाय व्हय?" दरवर्षी तोच विनोद. दरवर्षी मी हसते.

साक्षीला समोर बसवून ती भरवायला लागली. "खा गं माझी राणी. अजून एक. ह्यो माझ्या नावाचा. ह्यो तुझ्या बाच्या नावाचा." मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. पूर्वी पहिल्या मोदकाच्या शेवटी पंजा आडवा आला असता. मी त्याच भरवशावर होते! बाहेर आले तर डबा तळाला, पोरीचे गाल फुगलेले, घसा हलत नाही, आणि समोर मोदक आला की तोंड पुन्हा उघडतंय.

"झुंबरबाई, थांब!"

"खातीया की गुणानं. पयल्यांदाच एवढं खाल्लं बगा."

मग साक्षीला उलटी झाली. झुंबरबाईच्या नव्या लुगड्यावर, फरशीवर, माझ्या हातांवर. आणि उलटी होऊन गेल्यावर पोरीनं झुंबरबाईकडे तोंड करून पुन्हा आ केला.

झुंबरबाई घाबरून रडायलाच लागली. "मला काय ठावं वो बाई! ही आपली हात आडवा धरायची की! कुटं गेला तिचा हात?"

कुठं गेला तिचा हात. बरोबर विचारलं तिनं.


सोमवार, २० सप्टेंबर

केंद्राच्या भिंतीवर तक्ता लावलाय. साक्षीच्या नावापुढे 'असहकार' या रकान्यात आज शून्य. संयोगिता मॅडमनी स्वतः दाखवलं. "बघा आजी! पूर्ण विझलं."

मी कालची उलटी सांगितली. त्यांचा चेहरा पडला, खरंच पडला. म्हणाल्या, "खाण्याचं प्रमाण घरी तुम्ही ठरवून द्या."

म्हणजे तिचं पोट भरलं की नाही हे आता आम्ही ठरवायचं.


गुरुवार, १४ ऑक्टोबर

सकाळी धम्मचक्र दिनाच्या वंदनेला सगळे विहारात जाऊन आलो. साक्षी पांढऱ्या फ्रॉकमध्ये. गर्दी, लाऊडस्पीकर, उदबत्तीचा धूर — पूर्वी अशा ठिकाणी तिनं कान झाकून जमिनीवर लोळण घेतली असती. आज तासभर ताठ उभी होती. सगळ्यांनी कौतुक केलं. मी तिचा हात धरला होता. तळवा घामानं चिंब होता, आणि बोटं बर्फासारखी गार.

तो शब्द डोक्यातून जात नाही. असहकार.

माझे आजोबा कोडोलीत गावकीचं काम करायचे. हाक आली की जायचं. मेलेलं जनावर ओढायला, दवंडी द्यायला, पाटलांचा सांगावा घेऊन पन्हाळ्यापर्यंत पळायला. जेवत असले तरी ताटावरून उठायचं. वडील सांगायचे, एक दिवस हाक आली आणि आजोबा उठलेच नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "न्हाय येत." दुसरी हाक आली. "न्हाय येत." गावानं त्यांचं पाणी तोडलं, दळण बंद केलं, वाट अडवली. आजी पोरांना घेऊन लांब नदीवरून पाणी आणायची. पण आजोबा उठले नाहीत ते नाहीतच. त्यांचा तो एक शब्द होता म्हणून माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले, म्हणून मी कॉन्व्हेंटात गेले. तिथं पहिल्यांदा काय शिकले? "येस, सिस्टर." घरी येऊन ते म्हणून दाखवलं तर वडील हसले नाहीत. म्हणाले, "नो सिस्टर कसं म्हणतात ते बी शिकून ये."

आमच्या घरात 'नाही' म्हणायला किती पिढ्या गेल्या. साक्षीनं ते पंगतीत बसून, कुणीही न शिकवता, एका दुपारी उचललं होतं. आणि आम्ही पदरचे पैसे भरून ते तिच्याकडून काढून घेतलं.


गुरुवार, १८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. आज केंद्रात पालकांना आत बसवलं — प्रात्यक्षिक! कुठल्याशा कॉलेजची मुलंमुली आणली होती, साक्षीनं कधी न पाहिलेली. हॉलच्या चारी बाजूंना खुर्च्यांवर बसवली. एकेकानं हाक मारायची — "साक्षी, ये." साक्षी जायची. समोर उभी राहायची. गोळी मिळायची. मग दुसऱ्या कोपऱ्यातून, "साक्षी, ये." मिशा फुटलेला एक दांडगा मुलगा होता, त्यानं नुसतंच "ये" म्हटलं, नावसुद्धा नाही. गेली.

टाळ्या.

संयोगिता मॅडम सांगत होत्या, "फक्त आईचं किंवा टीचरचं ऐकून उपयोग नाही. आज्ञा कुणीही दिली तरी पाळता आली पाहिजे."

मी उभी राहिले. अक्षतानं पदर ओढला, तरी उभी राहिले. "मॅडम, 'नको' म्हणायला कधी शिकवणार?"

"ते पुढच्या टप्प्यात, आजी. आधी ऐकणं पक्कं व्हायला हवं."

"पुढचा टप्पा कुणी गाठलाय इथं? एक मूल दाखवा."

मॅडमनी मुलांवरून नजर फिरवली. दहा-बारा मुलं, सगळी हाताची घडी घालून. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला शिकवलंय तसं मी शिकवते." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात ती एकच पट्टी नव्हती.

रिक्षात अक्षता म्हणाली, "लोकांसमोर लाज आणली तुम्ही."


रविवार, १२ डिसेंबर

बारीक दिव्यात लिहितेय. अक्षर वाकडं येईल.

नागसेन वारणानगरला नोकरीला असतो, रविवारचा घरी आला होता, म्हणून संध्याकाळी सगळे रंकाळा तळ्यावर गेलो. नागसेन भेळवाल्याकडे, मी कट्ट्यावर, अक्षता चपलेचा अंगठा तुटला म्हणून खाली वाकलेली. साक्षी आमच्या दोघींच्या मधे. अक्षतानं वर पाहिलं आणि साक्षी नव्हती.

पाणी दोन हातांवर. आम्ही तिघंही आधी पाण्याकडे पळालो. नागसेन बूट घालूनच पायऱ्या उतरला. मी हाका मारत होते, आणि हाका मारतानाच मनात आलं, ती हाकेला येईल, पण कुणाच्या?

सापडली. संध्यामठाच्या बाजूला, गवतावर चादर टाकून बसलेल्या एका कुटुंबात. बाईनं मला येताना पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"तुमची व्हय, आजी? आवो, म्या माझ्या पोरीला हाक मारली, 'ये गं हिकडं' म्हनून, तर माझी राहिली लांब आन् हीच आली! समोर हुबी ऱ्हाऊन आ केला बगा. मला वाटलं भुकेली हाय. पापडी दिली." तिनं पदरानं साक्षीचं तोंड पुसलं. "आमी राधानगरीकडचं. इथं कुनाला वळखत बी न्हाय. कुनाची पोर म्हनून चौकशी करत हुतो. काय रागावू नगा, पर एक सांगू? अशी सोडू नगा हिला. दुसरं कुनी 'ये' म्हनलं आसतं तरी गेली आसती की वो."

अक्षता धापा टाकत माझ्यामागे येऊन पोचली होती. तिनं ते शेवटचं वाक्य ऐकलं.


सोमवार, १३ डिसेंबर

नागसेन कामावर गेला नाही. अक्षतानं साक्षीला केंद्रात पाठवलं नाही. मी काही विचारलं नाही. एवढी अक्कल मलाही आहे.

दुपारी स्वयंपाकघरातून अक्षताचा आवाज आला म्हणून डोकावले. साक्षीसमोर ताटली. अक्षता घास पुढे करत होती आणि म्हणत होती, "नको म्हण, बाळा. हात धर. ताटलीवर हात धर." साक्षी बघत राहिली. अक्षतानं तिचा पंजा उचलून ताटलीवर ठेवला. सोडला. "हात धर." साक्षीनं पंजा ताटलीवर धरला. अगदी पूर्वीसारखा, आडवा.

आणि गोळीसाठी आ केला.

अक्षता भिंतीला पाठ लावून खाली बसली. मी तिच्याशेजारी बसले. गुडघे दुखतात, तरी फरशीवर बसले. ती म्हणाली, "आई, सांगून शिकवलेलं नको... ते नको असतं का?"

मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. सासूपण अंगात असतं, असा हात फिरवायची सवय नाही. तिला ते कळलं असावं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.


बुधवार, १५ डिसेंबर

पत्र लिहिलं. चार खाडाखोडी. 'अमानुष' लिहिलं होतं, अक्षता म्हणाली, "काढा, आई. त्या राक्षस नाहीत. असा शब्द आला की त्यांना राग येईल आणि पुढचं वाचणार नाहीत." काढलं. जिवावर आलं, पण काढलं. खाली दोघींच्या सह्या. तिनं स्वतः सांगितलं, "माझी वर घ्या. आई मी आहे."

विचारलंय एवढंच, की इतर मुलांचं 'नको' उरलंय का ते तपासा, आणि साक्षीचं परत कसं आणायचं ते लेखी कळवा.


सोमवार, २० डिसेंबर

संयोगिता मॅडमचा फोन. "आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आपण प्रत्यक्ष बोलूया का?"

मी म्हटलं, "मॅडम, मी जन्मभर लोकांना फोन जोडून दिले. फोनवरच्या बोलण्याचं पुढे काय होतं ते मला विचारा. लेखी द्या."

मग, "आजी, खरं सांगू? परत कसं आणायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही."

फोन ठेवल्यावर मला तिचा राग आला नाही. ती चोवीस-पंचवीसची असेल. तिलाही कुणीतरी खुर्चीवर बसवून 'असं कर' म्हणूनच शिकवलं असणार.

पण उत्तर हवंच. कीव आली म्हणून मी पत्र मागे घेणार नाही.


गुरुवार, २३ डिसेंबर

दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसले होते. साक्षी पायरीवर होती. मी सहज म्हणाले, "ये." उठली, आली, आणि माझ्या मांडीवर बसली. डोकं माझ्या छातीला टेकवलं. सात वर्षांत पहिल्यांदा! तिला कुणाचं अंग सोसत नसे, म्हणून मी कधी मागितलंच नव्हतं. केसांना खोबरेल तेलाचा वास. मी श्वास रोखून बसले.

मग लक्षात आलं, मी 'ये' म्हटलं होतं.

खाली उतर असं मला म्हणवेना. म्हटलं असतं तर तेही तिनं ऐकलंच असतं.

केंद्राला दुसरं पत्र आत्ताच लिहून बंद केलं. यात एकच प्रश्न आहे: माझी नात आज माझ्याजवळ आली ती मनानं आली की हुकमानं, आणि हे मी कसं ओळखायचं? उत्तर लेखी हवं. शुक्रवार, ३१ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.